फुटक्या पावडरीच्या शिवकांताकाकू

कुणी बाई फुटलेला कॉम्पॅक्ट घेऊन आली की शिवकांताकाकू डबीकडे बघत नसत. आधी त्या बाईच्या तोंडाकडे बघत, चांगला वेळ घेऊन. मग विचारत, "पावडर फुटली म्हणून आलात, का पुरंना म्हणून?"

बाई कसनुशी हसे. हसण्याशिवाय इलाज नसे, कारण लातुरात तेव्हा फुटलेली पावडर सांधून देणारं दुसरं कुणी नव्हतं. नवी डबी आणायची तर हैदराबादला किंवा मुंबईला जाणारा माणूस गाठावा लागे. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कलेक्टर कचेरी आली, तिच्यामागे दहा कचेऱ्या आल्या, आणि त्यांच्या साहेबांबरोबर पुण्या-औरंगाबादच्या बायका आल्या. जिल्हा नवा असला तरी रस्ते तालुक्याचेच राहिले होते. जीप खड्ड्यात आदळली की पर्समधल्या डबीचा चुरा होई. तो चुरा रुमालात बांधून साहेबीणबाई आमच्या अंगणात येत.

'आमच्या' म्हणजे काकूंच्या. आम्ही त्यांचे भाडेकरू. माझे वडील अव्वल कारकून होते, आणि नांदेडहून त्यांची बदली या नव्या कचेरीत झाली होती. घर मिळत नव्हतं. काकूंनी मागच्या दोन खोल्या दिल्या. आमचं आडनाव असं आहे, की त्यावरून माणसांना काही ठरवता येत नाही. वडिलांनी कुणाला काही सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. आईनं बुद्धाचा फोटो आतल्या खोलीत, कपाटाच्या दाराला आतून लावला. कपाट उघडून हात जोडायचे आणि पुन्हा लावून घ्यायचं. मला मैत्रिणी घरी आणायच्या नाहीत असं कुणी बजावलं नव्हतं, पण मी आणत नसे. मी तशीही फार बोलणारी नव्हते. नांदेडला इंग्रजी शाळेत शिकलेली, लातूरच्या कॉलेजात नवी. माझं मराठी ऐकून काकू म्हणत, "पुस्तक बोलायलंय का काय?" त्या मला नावानं हाक मारत नसत. "ए कॉन्व्हेंट" एवढंच.

काकूंच्या कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे असत आणि चेहऱ्याला पावडरीचा कण नसे. बांधा उंच, हात मोठे, बोटं मात्र सोनाराची. नवरा संगप्पा आडत दुकानात बसत. ते घरी आले की खाटेवर पडत आणि 'हूं' म्हणत. काकू डबी घेऊन आलेल्या बायकांना सांगत, "ह्यांच्या वाटणीचं बी मीच बोलते. लगीन झाल्यापासून हाय तसं."

त्यांची रीत अशी. चुरा आधी जुन्या पत्रिकेच्या गुळगुळीत कागदावर ओतायचा. चमच्याच्या पाठीनं रगडायचा, मलमलीच्या फडक्यातून गाळायचा. पंखा बंद. उन्हाळ्यातसुद्धा बंद. रिकाम्या डबीत ती भुकटी परत भरायची आणि कंपाउंडरकडून आणलेलं स्पिरिट ड्रॉपरनं थेंब थेंब सोडायचं. किती थेंब हे त्या कुणाला सांगत नसत. "ओल्या विभूतीवाणी झालं पायजे. जास्ती झालं तर दगड हुतंय, कमी झालं तर पुन्ना चुरा." मग वर पातळ फडकं अंथरायचं आणि दुकानातलं छोटं पितळी वजन त्यावर ठेवून दाबायचं. वजन गोल फिरवत, अंगठ्यानं, कानाकोपऱ्यातून. दोन दिवस सावलीत. डबी उघडली की पावडरीवर फडक्याच्या विणीची बारीक जाळी उमटलेली दिसे. लातुरात कोणत्याही समारंभात एखादीनं डबी उघडली, तर त्या जाळीवरून कळे की ही शिवकांताकाकूंकडे जाऊन आली आहे, म्हणजेच काहीतरी ऐकून आली आहे.

कारण ऐकवल्याशिवाय त्या डबी परत देत नसत. एका इंजिनिअरच्या बायकोला म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या साहेबानं बांधलेला पूल आन् ही डबी एकाच महिन्यात फुटली बगा. डबी मी सांधली." त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. त्यांची मोलकरीण येऊ लागली.

एकदा शाळेतल्या एक शिक्षिका आल्या. विधवा होत्या, वय तिशीच्या आतलं. त्यांच्या डबीत पावडर कडेकडेनं राहिली होती आणि मधोमध पत्र्याचा तळ दिसत होता. काकूंनी डबी उजेडात धरली. "कुणासाठी लावतीस?" त्यांनी विचारलं. शिक्षिका डबीकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरले. काकू म्हणाल्या, "रडू नको, ओली हुईल." दोन दिवसांनी ती डबी काठोकाठ भरलेली होती. घेऊन आल्या होत्या त्याच्या दुप्पट. शिक्षिका आभार मानायला लागल्या तेव्हा काकूंनी त्यांना अंगणातच तोडलं. "जा, जा. लाव आन् बस आरशाम्होरं. बगणारं तेवढं एकच हाय तुला."

ती जास्तीची पावडर कुठून आली हे फक्त मला ठाऊक होतं. प्रत्येक डबीतून काकू एक चिमूट काढून ठेवत. सोनार ठेवतो म्हणतात तशी. वेगवेगळ्या रंगांच्या त्या चिमटी त्यांनी औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवल्या होत्या. डब्यांवरची इंग्रजी नावं वाचायला त्या मला बोलवत.

"ह्याच्यावर काय लिवलंय?"

"नॅचरल बेज."

"म्हंजी?"

मला सांगता येईना. बेजला मराठी शब्द नव्हता, निदान मला येत नव्हता.

"मग बापानं तुला कॉन्व्हेंटला कामून घातली?"

या चिमटी त्या महानंदासाठी जमवत होत्या.

महानंदा त्यांची एकुलती मुलगी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिच्या डाव्या कानाच्या पाळीखालून हनुवटीपर्यंत कोडाचा पांढरा पट्टा उतरला होता. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नजर वळवली. ती म्हणाली, "बघ की. सगळे बघतात." एवढंच ती माझ्याशी एका दमात बोललेली मला आठवतं. आईसमोर ती बोलत नसे. बोलायला जागाच नसे.

तिचा रंग सावळा, माझ्यासारखा. साहेबीणबाईंच्या डब्या सगळ्या गोऱ्या, गुलाबी. महानंदाच्या रंगाची पावडर कुठलीच कंपनी काढत नव्हती. म्हणून काकू त्या चिमटींत गेरू मिसळत, काव मिसळत, कधी भाजलेल्या कॉफीची वस्त्रगाळ पूड. रोज थोडं थोडं. आणि रंग जमला की नाही हे बघायला त्यांना एक तोंड लागे, डाग नसलेलं. ते माझं होतं.

"इकडं ये गं. तुझं थोबाड माझ्या पोरीच्या रंगाचं हाय, न्हाईतर तुला कोण घरात घेतंय."

मी पाटावर बसायची. त्या माझी हनुवटी चिमटीत धरत, अंगठ्यानं गालाखाली पावडर लावत, मान वळवून उजेडात बघत. माझ्या कातडीवर पावडर दिसेनाशी झाली, की रंग बरोबर. मग महानंदाची पाळी. दोन वर्षं, आठवड्यातून दोन-तीनदा. त्यांचा अंगठा खरखरीत होता आणि त्याला स्पिरिटचा वास यायचा.

महानंदा जरा हलली की चापट बसे. "हलू नको. देवानं तुला रंगवताना चुना सांडला, आन् पुसायला मला ठिवलं."

आधी दोन स्थळं येऊन गेली होती. दोन्ही वेळी घडलं तेच. तेव्हा आमच्या भागात मुलगी पाहायला आलेल्या बायका चहा व्हायच्या आत मुलीला म्हणत, "दमली असशील बाळा, जा, हातपाय-तोंड धुऊन ये." सांगणं गोड असे, पण त्यामागचं कारण सगळ्यांना माहीत असे. महानंदा दोन्ही वेळा मोरीतून परत आली, आणि पाहुणे दोन्ही वेळा पोह्यांना हात न लावता उठले. दुसऱ्या वेळी काकूंनी ते पोहे तिच्याच पुढ्यात ठेवले आणि संपेपर्यंत तिला उठू दिलं नाही.

मग दुष्काळ पडला. लागोपाठ दुसरं वर्ष. नळ कोरडे, बोअर कोरडे. आठ दिवसांनी टँकर येई आणि घागरींची रांग गल्लीबाहेर जाई. लोक ओल्या फडक्यानं तोंड पुसत. गल्लीत सगळे रडकुंडीला आले होते. काकू एकट्या टवटवीत. "औंदा कोण कुणाला तोंड धू म्हणंल? तोंडातून शब्द निघायचा न्हाई." त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पाऊस पडायच्या आत महानंदाचं उरकायचं. एकदा पाणी आलं की हा मोका गेला. गल्लीतल्या बायका आभाळाकडे बघून हात जोडत तेव्हा काकू अंगणात उभ्या राहून आभाळ निरखत, आणि ढग नाही हे बघून आत जात.

निलंग्याचं स्थळ आलं. गावाला लागून मळा, ऊस, मुलगा एकुलता, त्याची बहीण नवऱ्यासकट माहेरीच राहणारी. चैत्रातला दिवस ठरला. काकूंनी आठ दिवस रंग घोटला. पहाटेपासून मला पाटावर बसवलं, तीनदा लावलं, तीनदा पुसलं. चौथ्यांदा हात थांबला. मग महानंदाला लावलं. मी सांगते, मला ठाऊक असूनही मला पट्टा दिसला नाही. कानाखालून हनुवटीपर्यंत नुसती एक सावळी, सरळ, देखणी मुलगी होती. मी आरसा धरला. तिनं त्यात पाहिलं आणि मान हलवून कोन बदलून पुन्हा पाहिलं.

"घाम आला तर पुसायचा न्हाई," काकू म्हणाल्या, "टिपायचा. आन् हसायचं न्हाई. हसलीस की भेग पडती."

सगळ्याचा विचार केला होता. एक गोष्ट राहिली. त्या दुष्काळात पाहुण्यानं आपलं पाणी बरोबर घेऊन जायची रीत पडली होती. कुणाच्या घरचा हंडा आपल्यामुळे रिता व्हायला नको म्हणून लोक पिशवीत बाटली, सायकलला कॅन घेऊन जात. काकूंकडे पाहुणे येतच नसत, त्यांच्या ध्यानात आलं नाही.

जीपमधून आधी पितळी घागर उतरली. तोंडाला फडकं बांधलेली, भरलेली, जड. मुलाची आई हसत म्हणाली, "आमच्या विहिरीला अजून पानी हाय बगा. म्हनलं, मोकळ्या हातानं कसं जावं."

काकूंनी दारातूनच मला हाक मारली. "ए कॉन्व्हेंट, घागर आत नेऊन ठेव." मी आणि ड्रायव्हरनं मिळून ती अंगणाकडच्या ओट्यावर नेली. मी फडकं सोडलं, वर झाकण ठेवलं.

बैठक झाली. महानंदा येऊन बसली. नाव, शिक्षण, स्वयंपाक. सगळं बरं चाललं होतं. मुलाच्या आईची नजर तिच्या चेहऱ्यावरून फिरली आणि कुठंच अडकली नाही. काकूंच्या खांद्यांचा ताण गेलेला मला दिसला. तेवढ्यात ती बाई म्हणाली, "पोरी, आमच्या घरचं पानी कसं लागतंय बग की. जा, आमच्याच पान्यानं तोंड धुऊन ये."

महानंदा उठली. आईकडे बघतच ओट्याकडे निघाली. मी घागरीजवळच उभी होते, तांब्या घेऊन.

काकूंनी कपाळावर हात मारला. आवाज सगळ्या बैठकीला ऐकू गेला.

"अगं थांब, थांब! त्या पान्याला शिवू नको. हिनं शिवलंय!"

"कोण हिनं?" मुलाची आई म्हणाली.

"ही भाडेकरीण. अहो, आडनावानं फसवलं आमाला. आज सकाळीच कळलं, हे लोक त्यातले हायत. तुमी आलात, त्या गडबडीत मी इसरले आन् हिच्या हातात घागर दिली." मग माझ्याकडे वळून, "हो बाजूला! तांब्या ठेव खाली!"

मी तांब्या खाली ठेवला. मला त्या वेळी एकच वाक्य बोलायचं होतं आणि ते फार लहान होतं. त्या बाईला म्हणायचं, हिच्या गालावरून बोट फिरवा. मी महानंदाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत नव्हते, भेग पडेल म्हणून असेल. माझ्याच्यानं बोलवलं नाही. हे दयेनं झालं की सवयीनं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

काकूंनी कपडे वाळत घालायची काठी घेतली आणि तिच्या टोकानं घागर लवंडली. सगळं पाणी अंगणात गेलं. टँकरच्या रांगेतल्या बायका फाटकाशी येऊन बघत राहिल्या. एक म्हातारी "आरं माय, आरं माय" म्हणत ओल्या मातीजवळ आली आणि काकूंनी डोळे वटारले तशी थांबली. जमिनीनं ते पाणी एवढ्या लवकर पिऊन टाकलं की चिखलसुद्धा झाला नाही.

"घागर चिंचेनं घासून धाडते," काकू म्हणाल्या.

मुलाची आई ओल्या मातीकडे बघत राहिली. मग आपल्या नवऱ्याला म्हणाली, "आचार बगा घरचा. एवढ्या तंगीत घागरभर पानी वतून दिलं. असंच घर पायजे." आणि पोह्यांची बशी हातात घेतली.

पाहुणे गेल्यावर काकू आमच्या दाराशी आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या; कालच त्या आत येऊन आमच्या माचीवर बसल्या होत्या. वडील खुर्चीत होते, चप्पल पायातच.

"लगीच जावा म्हनत न्हाई," काकू म्हणाल्या. "टँकर येऊन जाऊ द्या. तुमचा नंबर वाया कामून घालवायचा."

आई म्हणाली, "तुम्हांला आज सकाळी कळलं?"

"दोन वर्सं झाली. वैशाखी पुनवेला तुमी पांढरं लुगडं नेसता आन् खीर करता. मला डोळे न्हाईत का?"

"ती खीर तुम्ही खाल्लीत. दोन्ही वर्षी."

"गोड व्हती," काकू म्हणाल्या. चेहऱ्यावर लाज नव्हती, खोटेपणाही नव्हता. "बगा ताई, तुमाला सरकार क्वार्टर देतंय. आज न्हाई तर उद्या देतंय. माझ्या पोरीला तिसरं घर कोण देणार व्हतं? तुमचं काय मोठं गेलं?"

वडिलांनी मान वर केली नाही. आईनं दार लावून घेतलं. मग कपाटाचं दार उघडलं, आणि त्या दिवसापासून ते उघडंच ठेवलं.

आम्ही पंधरवड्यात क्वार्टरमध्ये गेलो. महानंदाचं लग्न पावसाच्या आधी झालं.

पुढे मला निलंग्याला नव्यानं निघालेल्या इंग्रजी शाळेत नोकरी लागली. लातूर-निलंगा एसटीनं रोज जाणं-येणं. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात एका सकाळी काकू त्याच बसमध्ये चढल्या. जागा फक्त माझ्या शेजारी होती. त्यांनी मला ओळखलं, क्षणभर थांबल्या, आणि बसल्या. मांडीवर स्टीलचा डबा, चार घड्यांच्या फडक्यात गुंडाळलेला. खड्डा आला की त्या समोरचा दांडा धरत नव्हत्या, दोन्ही हातांनी डबा उचलून धरत होत्या.

"काळी ती काळीच राहिलीस," त्या म्हणाल्या. "पर बरं हाय. तुझ्या रंगाला रोजची मेहनत न्हाई."

मी वह्या मांडीवर नीट केल्या. थोड्या वेळानं त्या आपणच सांगू लागल्या. महिन्याला एक डबी लागते. महानंदा उजाडायच्या आत उठते, सगळे झोपल्यावर निजते. नवऱ्यालासुद्धा अजून पत्ता नाही. "आता पट्टा मानेवर उतरायलाय. दोन डब्या लागतील." हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग माझ्या हातातल्या वह्यांकडे पाहून विचारलं, "तू कुठं निघालीस?"

मी शाळेचं नाव सांगितलं.

"तिथं तर महानंदाच्या नणंदेचं लेकरू हाय."

"माझ्याच वर्गात आहे."

त्यांनी फडक्याची गाठ चाचपली. बराच रस्ता गेला. "त्याला सोडाया कोण येतंय?"

"आजी येतात. रोज. बोलतात थोडं."

महानंदाची सासू. तिनं मला ओळखलं नव्हतं. काकूंच्या कपाळावरची विभूती घामानं भिजून भुवईवर आली होती आणि त्यांनी ती पुसली नाही. डबा पोटाशी घेतला.

"बाई," त्या म्हणाल्या. आधी मला वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणाल्या. "बाई, तुमी कदी काय..." पुढचं त्यांच्याच्यानं बोलवेना.

मी त्या घरी आजवर काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नव्हते. महानंदानं माझं काही बिघडवलं नव्हतं. एवढं एक वाक्य मी काकूंना म्हणू शकले असते. त्या माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होत्या, निलंग्यापर्यंत. मी खिडकीबाहेर बघत राहिले. रानं हिरवी झाली होती.

स्टँडवर आम्ही दोघी उतरलो. शाळा आणि महानंदाचं घर एकाच रस्त्याला आहेत, घर जरा पुढे. शाळेची वेळ झाली होती आणि लेकरांना सोडायला बायका निघालेल्या दिसत होत्या. मी चालू लागले. काकू माझ्या मागून आल्या नाहीत, परतही फिरल्या नाहीत. वळणावर मी मागे पाहिलं. पाऊस भुरभुरत होता, त्यांनी पदर डोक्यावरून काढून डब्यावर घातला होता, आणि मी कोणाशी बोलते ते बघत त्या उघड्या डोक्यानं स्टँडच्या मध्यावर उभ्या होत्या.